सर्व्हरच्या पोटात हात घालताना

"सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळानं या!"

हे वाक्य कधी ऐकलंच नाही असं घर महाराष्ट्रात शोधूनही सापडायचं नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ऐकू येतं, बँकेच्या खिडकीपाशी ऐकू येतं, सातबारा काढायला गेलेले आजोबाही हेच ऐकून परत येतात. माझ्या भाचीला लहानपणी वाटायचं, सर्व्हर नावाचे कुणीतरी म्हातारे गृहस्थ आहेत आणि ते सारखे आजारी पडतात. एकदा तिनं मला विचारलंही, "आत्या, त्यांना ताप येतो का गं?"

मित्रांनो, तिचं फारसं चुकलं नव्हतं. सर्व्हर आजारी पडतात, त्यांना तापही येतो, आणि त्यांना बरं करायला मी जाते. गेली वीस-बावीस वर्षं हेच माझं काम. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. मी झाकण उघडते, बिघडलेला भाग काढते, नवा बसवते आणि झाकण लावते. ऐकायला सोपं वाटतं ना? मग ऐकाच.

'सर्व्ह करणं' म्हणजे वाढणं. तेव्हा सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी! शेकडो कॉम्प्युटर आणि हजारो मोबाइल पंगतीला बसलेले असतात. कुणी म्हणतं, माझा निकाल वाढा. कुणी म्हणतं, माझ्या खात्यातली शिल्लक वाढा. हा वाढपी सगळ्यांना वाढत सुटतो. फरक इतकाच, की लग्नातला वाढपी शेवटच्या पंगतीला स्वतः जेवायला बसतो. याला मात्र रात्री दोन वाजतासुद्धा बसायची परवानगी नसते.

दिसायलाही तो तुमच्या घरच्या कॉम्प्युटरसारखा नसतो. मिठाईचा भला थोरला चपटा खोका डोळ्यांपुढे आणा. तो १९ इंच रुंदीच्या लोखंडी कपाटात आडवा सरकवलेला असतो. या कपाटाला रॅक म्हणतात. रॅकमधली उंची 'यू' या मापात मोजतात, आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच. साधारण ४२ यूंचा रॅक माणसापेक्षा उंच असतो. त्यात एकावर एक असे सर्व्हर रचलेले, समोर हिरवे दिवे लुकलुकतायत, मागून गरम हवा फेकली जातेय, आणि आवाज तर असा की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. एक सर्व्हर वीस-तीस किलोचाही असतो, म्हणून तो उचलायला कायम दोघं लागतात. आणि एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढायचा. दोन-तीन ओढले, तर सगळा भार पुढे येऊन कपाटच अंगावर यायचं!

आता गंमत अशी, की थांबायची परवानगी नसलेल्या या यंत्राचे काही भाग ते चालू असतानाच बदलता येतात. चालत्या एसटीचं चाक बदलावं तसं! वीज पुरवणारे डबे बहुतेक वेळा दोन असतात. एक गेला तर दुसरा सगळा भार उचलतो आणि आपण गेलेला डबा सरळ ओढून काढायचा. पंखे आणि डिस्कसुद्धा अनेक सर्व्हरमध्ये अशाच बदलता येतात. कोणत्या भागाला चालू यंत्रात हात लावायचा, हे रंगावरून कळतं. काही कंपन्या अशा भागांच्या खटक्याला नारिंगी रंग देतात, काही मरून देतात. निळा खटका असला तर समजायचं की हात इथेच धरायचा, पण आधी वीज बंद करून. हे रंग मला फार आवडतात. मोठमोठ्या पुस्तकांतली पाच पानं त्या एका नखाएवढ्या ठिपक्यात मावलेली असतात.

बाकीच्या भागांसाठी मात्र यंत्र बंद करावंच लागतं. इथं एक फसवी गोष्ट आहे. बटण दाबून सर्व्हर बंद केला तरी तो पुरता बंद होत नाही. रिमोटनं टीव्ही बंद केल्यावर तांबडा ठिपका जळत राहतो ना, तसंच. आत थोडी वीज खेळतच असते. म्हणून मागच्या वायरी ओढून काढायच्या, आणि त्या दोन असतात हे विसरायचं नाही! एक काढली की माणसाला वाटतं झालं काम. दोन्ही काढल्यावर मी सुरू करायचं बटण एकदा दाबते. यंत्र अर्थातच सुरू होत नाही, पण आत उरलीसुरली वीज असेल ती त्यानं संपून जाते. मग थोडं थांबायचं. एकतर आतले दिवे विझायला हवेत, आणि दुसरं म्हणजे प्रोसेसरवरचा धातूचा तुकडा चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा तापलेला असतो.

पण सगळ्यांत मोठा धोका भिंतीतल्या विजेचा नसतो बरं का. तो आपल्याच अंगात असतो!

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेण्याचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. थंडीत रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोही त्यातलाच प्रकार. कोरड्या हवेत गालिच्यावरून नुसतं चालत गेलं तरी आपल्या अंगावर हजारो व्होल्ट साठू शकतात. घाबरू नका, विजेचा दाब मोठा असला तरी साठा अगदी चिमूटभर असतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो, तेव्हा अंगावर साधारण ३ हजार व्होल्ट असतात. त्याहून कमी असले तर आपल्याला पत्ताही लागत नाही. पण कॉम्प्युटरच्या काही चिप्सना १०० व्होल्टांच्या आतला धक्काही पुरतो! म्हणजे आपण चिप मारलेली असते आणि आपल्याला जाणवलेलंही नसतं. त्याहून वाईट म्हणजे ती पुष्कळदा लगेच मरत नाही. अर्धमेली होते, दोन-चार महिने चालते आणि ऐन निकालाच्या दिवशी मान टाकते. मग कुणाला आठवणार, की फेब्रुवारीत कुणीतरी लोकरीचा स्वेटर घालून तिला हात लावला होता?

यावरचा उपाय अगदी साधा आहे. मनगटाला एक पट्टा बांधायचा आणि त्याची वायर रॅकच्या अर्थिंगला जोडायची. अंगावर साठलेली वीज हळूच निघून जाते. या वायरीत १० लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. तो कशाला, हे आठवी-नववीतल्या मुलांनी गणित करून पाहावं. समजा, पट्टा बांधलेला असताना चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागला. २३० भागिले १० लाख, म्हणजे पट्ट्याच्या वाटेनं वाहणारी वीज एक मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. जो पट्टा चिपला वाचवतो, तोच मलाही सांभाळून घेतो.

घड्याळ, अंगठी, बांगड्या, गळ्यातलं, सगळं काढून ठेवायचं. धातूची बांगडी दोन टोकांना एकदम टेकली तर ठिणगीच. माझ्या हातात बांगड्या नसतात म्हणून माझी आजी शेवटपर्यंत कुरकुरत होती. एकदा तिला पट्टा दाखवून म्हटलं, "आजी, ही बघ माझी बांगडी." तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "शोभत नाही."

आता मेमरी बदलूया, कारण हे काम मला सगळ्यांत आवडतं. मेमरीची पट्टी साधारण मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढी लांब असते. सर्व्हरच्या मेमरीचा एक मोठा गुण आहे. शुद्धलेखनाच्या मास्तरांनी एका अक्षराची चूक जागच्या जागी दुरुस्त करावी, तशी ती एका अंकाची चूक स्वतःच सुधारते आणि वर तक्रारही नोंदवते, की अमुक खाचेतली पट्टी वारंवार चुकतेय. म्हणून ती पुरती बिघडण्याआधीच आम्हाला बोलावणं येतं. खाचेचा नंबर झाकणाच्या आत छापलेल्या नकाशावर शोधायचा. दोन्ही टोकांचे खटके बाहेरच्या बाजूला दाबले की पट्टी आपोआप वर येते, टोस्टरमधून पाव यावा तशी. ती कडेलाच धरायची. खालच्या सोनेरी दातांना बोट लावायचं नाही, कारण बोटांचं तेल आणि मीठ तिथं बसतं. काढलेली पट्टी चंदेरी पिशवीच्या आत ठेवायची.

नव्या पट्टीला खालच्या बाजूला एक खाच असते आणि ती मुद्दामच मधोमध नसते. त्यामुळे पट्टी उलटी बसूच शकत नाही. इतकंच नाही, तर डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, म्हणजे चुकीच्या पिढीची पट्टीही बसायची नाही. ज्यानं कुणी ही खाच बाजूला सरकवली त्याला माझा नमस्कार! खाच जुळली की दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर द्यायचा. इथं नवी मुलं घाबरतात. खालचा बोर्ड किंचित करकरतो, वाटतं आता मोडणार, आणि ती अर्ध्यातच सोडून देतात. यंत्र पुन्हा सुरू झालं नाही, तर मी पहिल्यांदा अशीच अर्धवट बसलेली पट्टी शोधते. दोन्हीकडून 'टक' असा आवाज आला पाहिजे. मग जोर द्यायचा केव्हा आणि थांबायचं केव्हा? माझा नियम असा, की आधी डोळ्यांनी खात्री करायची, मगच अंगठे वापरायचे. आणि प्रोसेसर बसवताना जोर हा शब्दच विसरायचा. त्याच्या खालच्या खाचेत केसासारख्या बारीक पिना असतात, हल्लीच्या मोठ्या सर्व्हरमध्ये ४ हजारांहून अधिक. त्यातली एक वाकली, तरी अख्खा बोर्ड वाया जाऊ शकतो.

स्क्रू ठेवायला मी काय वापरते, सांगू? इडलीपात्राची जुनी ताटली! एका खळग्यात झाकणाचे, दुसऱ्यात पंख्याच्या चौकटीचे. झाकण लावण्याआधी खळगे रिकामे झाले का ते पाहायचं. एक स्क्रू जरी आत सुटा राहिला, तर तो घरंगळत कुठल्या दोन तारा जोडेल, सांगता येत नाही.

डिस्कची गोष्ट मात्र निराळी आहे. बाकी सगळं दुकानातून विकत आणता येतं. डिस्कवर जे लिहिलेलं असतं ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका गावच्या रुग्णालयातून फोन आला. त्यांच्या सर्व्हरमध्ये रक्तपेढीची सगळी नोंद होती. तिथं थॅलेसेमिया झालेली मुलं नियमानं येत. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावं लागतं. कुणाला कधी कोणतं रक्त दिलं, कुणाला कशाचा त्रास झाला, हे सारं त्या सर्व्हरमध्ये. त्यातल्या चार डिस्कपैकी एक बंद पडली होती.

चारातली एक गेली तरी काम चालू कसं राहतं? समजा, तीन मित्रांनी मिळून दोन आकडे लक्षात ठेवायचेत. पहिला ५ लक्षात ठेवतो, दुसरा ७ आणि तिसरा त्यांची बेरीज, १२. दुसरा गावाला गेला तर? १२ मधून ५ वजा केले की ७ परत मिळाले! डिस्क नेमकी बेरीज करत नाहीत, पण युक्ती याच जातीची आहे. तिला रेड म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या अमेरिकेतल्या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधात तिला हे नाव दिलं. पण दोन मित्र एकदम गावाला गेले, तर नुसत्या १२ वरून काय ओळखणार?

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा मोठा उत्साही. "मॅडम, तुम्ही दमून आलात, मीच काढतो. दोन नंबरची डिस्क गेलीय, स्क्रीनवर आलंय," असं म्हणत त्यानं डावीकडून दुसऱ्या डिस्कच्या खटक्यावर बोट ठेवलंसुद्धा.

"अरे थांब! हात बाजूला घे आधी."

तो दचकलाच.

"आता मोज बरं."

"एक, दोन..."

"शून्यापासून मोज."

"शून्य नंबरची डिस्क कुठं असते का मॅडम?"

असते! त्या सर्व्हरची मोजणी शून्यापासून होती. शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे दोन नंबरची डिस्क डावीकडून तिसरी. त्याचं बोट होतं ते एक नंबरच्या, चांगल्या चालणाऱ्या डिस्कवर. ती ओढली असती तर दोन मित्र एकदम गावाला! सगळं जागच्या जागी थांबलं असतं, आणि पुन्हा उभं राहीलच याची खात्री कुणीच देऊ शकलं नसतं. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दिव्यावरून ओळखावं, तर मेलेल्या डिस्कचा दिवाही मेलेला. म्हणून आम्ही उलटी युक्ती केली. स्क्रीनवरून हुकूम देऊन एकेका जिवंत डिस्कचा दिवा लुकलुकवायचा. शून्य लुकलुकली, एक लुकलुकली, तीन लुकलुकली. उरली ती आपली. तिच्यावर चिकटपट्टी लावली.

तरीही मी हात लावला नाही. विचारलं, "नोंदींची दुसरी प्रत कधी काढलीय?" उत्तर आलं, एकोणीस दिवसांपूर्वी. एकोणीस दिवसांत किती मुलं येऊन गेली असतील! नवी डिस्क घातली की तिच्यावर गेलेली माहिती पुन्हा मांडायला उरलेल्या तिघींना आपलं पान न् पान वाचून दाखवावं लागतं. त्या तिघीही तितक्याच जुन्या. त्यातल्या एकीनं त्या श्रमात अंग टाकलं तर? म्हणून आधी सगळ्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवली. त्यात दोन तास गेले. सिस्टरनी चहा आणून दिला आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिल्या एसटीनं पाच मुलं यायची आहेत हो."

पावणेदहाला डिस्क काढली. तीही एकदम ओढायची नसते. आतल्या चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतात. ही डिस्क मेलेली म्हणत होतो, पण चकत्या फिरत नाहीतच कशावरून? इंचभर बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबायचं, फिरणं थांबलं की मगच पूर्ण काढायची. नवी आत सरकवली, खटका बसला, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. एक टक्का. बऱ्याच वेळानं दोन टक्के. तो मुलगा रात्रभर खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसून होता. मी म्हटलं, "जा, झोप जरा." गेला नाही. पहाटे चारला १०० चा आकडा आला तेव्हा त्यानं मला नाही, सिस्टरना जाऊन उठवलं.

सकाळी पाचही मुलं आली. त्यातला एक सात-आठ वर्षांचा मुलगा सर्व्हरच्या खोलीच्या काचेला नाक लावून दिवे बघत होता.

माझ्या धंद्यातले काही लोक फार लांबवर जाऊन काम करतात! हबल दुर्बिणीतल्या एका उपकरणाला वीज पुरवणारा भाग २००४ साली बिघडला. १७ मे २००९ रोजी मायकेल मॅसिमिनो आणि मायकेल गुड हे अंतराळवीर तो बदलायला यानाबाहेर गेले. झाकणाला १११ बारीक स्क्रू! अंतराळात सुटलेला स्क्रू खाली पडत नाही, तरंगत कुठंही जातो. म्हणून झाकणावर आधी एक पारदर्शक पट्टी बसवली, म्हणजे निघालेला प्रत्येक स्क्रू तिच्यातच अडकून राहील. पाहिलंत? अंतराळातलं इडलीपात्रच ते! पण त्याआधीच एका दांडीचा मोठा स्क्रू अडला, त्याची खाच झिजली. पृथ्वीवरच्या लोकांनी इथं प्रयोग करून सांगितलं, तेव्हा मॅसिमिनोंनी ती दांडी हातानं हिसका देऊन तोडली. काम संपायला सुमारे आठ तास लागले. जोर कधी लावायचा, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरमध्ये सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत असायचे, तसले काचेचे. त्या काळी एकेक व्हॉल्व्ह बदलणाऱ्यांची आठवण मला रॅकपुढे उभं राहिल्यावर हटकून येते.

तुम्हालाही हात शिवशिवायला लागले असतील. घरात पुरता बंद पडलेला, टाकून द्यायचा कॉम्प्युटर असेल, तर आई-बाबांना शेजारी बसवून आणि वायर काढून मेमरीची पट्टी काढून परत बसवून बघा. दोन 'टक' ऐकू आले पाहिजेत. वायर येते तो चौकोनी डबा मात्र उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात जोराचा धक्का देण्याइतकी वीज साठून राहते. बोर्डावर रुपयासारखी दिसणारी गोल बॅटरी असते, ती धाकट्या भावंडांच्या हाती लागू द्यायची नाही. गिळली तर गंभीर इजा होऊ शकते.

रुग्णालयातली जुनी डिस्क आम्ही फेकली नाही. तिच्यावर मुलांची नावं होती. भोकं पाडून ती निकामी केली आणि मगच भंगारात दिली. आतल्या चकत्या आरशाला लाजवतील अशा लखलखीत असतात. काही काचेच्या असतात, त्या फुटून कपच्या उडतात, म्हणून घरी डिस्क फोडायच्या भानगडीत पडू नका. माझ्या सरावाच्या एका कोऱ्या डिस्कमधली अ‍ॅल्युमिनियमची चकती भाचीनं मागून घेतलीय. ती आता कॉलेजात जाते, आणि रोज सकाळी त्या चकतीत बघून वेणी घालते.